गोळीआधी निदान

चंपावतच्या वाघिणीला १९०७ मध्ये गोळी लागली, तेव्हा तिच्या नावावर चारशेहून अधिक माणसांचे बळी होते. त्यातले दोनशे नेपाळमधले आणि उरलेले हद्द ओलांडून ती कुमाऊंमध्ये आल्यानंतरचे. हाकारे घालायला जमलेल्या माणसांचा राग अनावर होता. कुणी कोयता तर कुणी कुऱ्हाड घेऊन मेलेल्या जनावराकडे धावत होतं. तो राग थोडा ओसरल्यावर गोळी घालणारा तरुण शिकारी वाघिणीजवळ गेला आणि त्याने तिचं तोंड उघडून पाहिलं. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा उरला होता आणि खालचा थेट हाडापर्यंत गेला होता. जुन्या, नेम चुकलेल्या एका गोळीचं हे काम होतं.

वाघाची शिकार सुळ्यांवर चालते. सांबर किंवा चितळ एका फटक्यात मरत नाही. वाघ त्याचा गळा जबड्यात पकडतो आणि श्वास थांबेपर्यंत तो काही मिनिटं सोडत नाही. एका बाजूचे दोन्ही सुळे गेले की ही पकड बसत नाही. तगडं सांबर झटका देऊन निसटतं, वाघ उपाशी राहतो. माणसाला मारायला मात्र तेवढी पकड लागत नाही. ना शिंगं, ना खूर, ना जाड कातडी. आपण किती मऊ प्राणी आहोत हे जंगलात गेल्यावरच लक्षात येतं.

तो शिकारी म्हणजे एडवर्ड जेम्स कॉर्बेट. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी जिम कॉर्बेट यांच्या शिकारकथा अनुवादातून वाचल्या आहेत. मचाण, अंधार, वाळलेल्या पानांवरचा आवाज हे सगळं त्यांना पाठ आहे. पण गोळी सुटल्यानंतरची जी पानं वाचक घाईने उलटतात, ती डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाची आहेत. मेलेल्या नरभक्षकाचे दात, पंजे, जखमा, जुन्या गोळ्या यांची नोंद कॉर्बेट शवविच्छेदनाच्या अहवालासारखी करत. प्रश्न नेहमी एकच असायचा. हे जनावर माणसांवर का उलटलं?

वैद्यकीचं शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं. घरात मात्र औषधांचा वास होता. वडील क्रिस्टोफर कॉर्बेट आधी लष्कराच्या वैद्यकीय खात्यात औषधं देण्याच्या कामावर होते, नंतर टपाल खात्यात शिरून नैनितालचे पोस्टमास्तर झाले. आई मेरी जेन यांचे पहिले पती १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत मारले गेले होते. दोघांचंही हे दुसरं लग्न, आणि घर मुलांनी भरलेलं. जिम यांचा जन्म २५ जुलै १८७५ चा. सप्टेंबर १८८० मध्ये नैनितालवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. हे कुटुंब वाचलं. पुढच्याच वर्षी वडील गेले. जिम तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता.

थंडीच्या दिवसांत कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगीला उतरायचं. तराईचं हे जंगल म्हणजे हिवतापाचं आगर. बहीण मॅगी आणि जिम दोघंही अविवाहित राहिले आणि आयुष्यभर एकत्र राहिले. कालाढुंगीच्या घराचा व्हरांडा हाच आसपासच्या गावांचा दवाखाना होता. कुणाला ताप, कुणाचे डोळे आलेले, कुणाला जनावराने ओरबाडलेलं. मलमपट्टी आणि औषधं बहुतेक मॅगीच्या हातची असत. जिम कॉर्बेट यांच्यावरच्या लिखाणात या बाईंना जेवढी जागा मिळते त्यापेक्षा खूप जास्त मिळायला हवी.

अठराव्या वर्षाच्या आसपास ते रेल्वेत लागले. आधी इंजिनांसाठी लाकूडतोडीवर देखरेख, मग बिहारमध्ये गंगाकाठी मोकामेह घाटावर मालाची चढउतार करण्याचं कंत्राट. एका रुळाच्या गाडीतला माल उतरवून दुसऱ्या रुळाच्या गाडीत भरायचा, आणि तो सगळा माणसांच्या डोक्यावरून. वीसेक वर्षं त्यांनी हे काम केलं. तिथे पटकी वरचेवर यायची. शिरेतून सलाइन देण्याची सोय त्या घाटावर कुठली असणार? आजारी मजुरांची शुश्रूषा कॉर्बेट स्वतः करत. त्यांचा एक अत्यंत विश्वासू मुकादम, चमारी, पटकीनेच गेला. त्याच्यावर त्यांनी पुढे लिहिलं, आणि त्यांच्या सगळ्या वाघांपेक्षा हे प्रकरण अधिक चटका लावतं. सांगायचा मुद्दा असा की साथ म्हणजे काय, एकामागून एक प्रेतं उचलावी लागतात तेव्हा गावाची काय अवस्था होते, हे या माणसाने फार जवळून पाहिलं होतं. बिबट्यांबद्दलच्या त्यांच्या मताचं मूळ बहुधा इथेच आहे.

चंपावतच्या वाघिणीसाठी बोलावणं आलं तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. जाहीर झालेलं इनाम रद्द करायचं आणि बाकीच्या शिकाऱ्यांना परत बोलवायचं. इनामासाठी मारणारा अशी ओळख त्यांना नको होती. चुकून कुणा दुसऱ्याच्या गोळीने मरण्याची हौसही नव्हती. यात आणखी एक व्यवहार होता. इनाम लागलं की लोक दिसेल तो वाघ मारतात आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो. कॉर्बेट पंजाच्या ठशांवरून जनावर नर की मादी, तरुण की म्हातारं, लंगडतं का, हे ठरवत आणि त्याच एका जनावराच्या मागावर आठवडेच्या आठवडे राहत. चुकीच्या रोग्यावर शस्त्रक्रिया करायची नाही, हा शस्त्रक्रियागृहातला पहिला नियम ते जंगलात पाळत होते.

१९१० ची मुक्तेसरची वाघीण हे त्यांचं सर्वांत स्वच्छ निदान म्हणावं लागेल. मुक्तेसरला गुरांच्या रोगांवर लस तयार करणारी सरकारी प्रयोगशाळा होती. ही प्रयोगशाळा मुळात १८८९ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली आणि काही वर्षांनी हिमालयात हलवली गेली. बुळकांड्या रोगाच्या जंतूंवर काम करायला वस्तीपासून लांबची थंड जागा हवी होती. त्याच जंगलात एका तरुण वाघिणीने साळिंदराशी झुंज घेतली आणि एक डोळा गमावला. पन्नासेक काटे तिच्या पुढच्या उजव्या पायात आणि पंज्याखाली घुसले. काही काटे हाडाला लागून उलट वळले होते. जखमा चाटत, उपाशीपोटी ती दाट गवतात पडून होती. तिथेच एक बाई गवत कापायला आली. पहिल्यांदा वाघिणीने लक्ष दिलं नाही. बाई अगदी जवळ पोचल्यावर एक फटका मारला. बाईच्या एका हातात विळा तसाच राहिला, दुसऱ्या हातात गवताची मूठ. वाघिणीने प्रेताला तोंडही लावलं नाही. लंगडत मैलभर लांब जाऊन ती एका पडलेल्या झाडाखाली लपली. दोन दिवसांनी त्याच झाडाचं लाकूड तोडायला एक माणूस आला आणि तोही गेला. या वेळी रक्ताच्या वासाने असेल, तिने थोडं मांस खाल्लं. त्यानंतरचा बळी मात्र तिने स्वतःहून, कुणी डिवचलेलं नसताना घेतला. गोळी लागेपर्यंत चोवीस माणसं गेली.

अपघात, मग चव, मग सवय. व्यसनाच्या रुग्णाची माहिती लिहून घेताना डॉक्टर ज्या क्रमाने प्रश्न विचारतात, तोच हा क्रम. पुढच्या वीस-तीस वर्षांत कॉर्बेट यांनी मारलेल्या नरभक्षक वाघांची तपासणी बहुतेक असंच काही दाखवत गेली. १९३० ची चौगढची वाघीण म्हातारी होती. नखं तुटलेली, एक सुळा मोडलेला, पुढचे दात झिजून हाडाला टेकलेले. १९३८ ची ठाकची वाघीण, त्यांची शेवटची नरभक्षक. तिच्या अंगावर गोळ्यांच्या दोन जुन्या जखमा होत्या आणि त्यातली खांद्याची चिघळली होती. यावरून त्यांनी हिशेब मांडला की दहातले नऊ वाघ जखमेमुळे माणसांकडे वळतात आणि एक म्हातारपणामुळे.

हा हिशेब डोळे झाकून स्वीकारायचं कारण नाही. कॉर्बेट यांनी तपासले ते फक्त नरभक्षक. त्याच काळात तुटके सुळे किंवा पायात काटे घेऊन बेडूक-उंदरांवर गुजराण करत, माणसाला हातही न लावता किती वाघ मेले, हे कुणी मोजलं? रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांवरून गावाचं आरोग्य ठरवू नये, हे वैद्यकीच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात. सुंदरबनात धडधाकट वाघही माणसांवर हल्ले करतात. पण दातांचा धागा साफ खोटाही नाही. १८९८ मध्ये केनियातल्या त्सावो इथे रेल्वेच्या कामावरचे मजूर, त्यात बरेच हिंदुस्थानी, खाणाऱ्या दोन सिंहांच्या कवट्या शिकागोच्या संग्रहालयात आहेत. त्यातल्या एकाचा सुळा तुटलेला होता आणि मुळाशी गळू झालं होतं. दाढदुखीने रात्रभर जागलेल्या माणसाला त्या सिंहाबद्दल थोडी तरी सहानुभूती वाटेल.

वाघांबद्दलचं निदान असं बऱ्यापैकी टिकतं. अडचण येते ती बिबट्यांपाशी.

पनारच्या बिबट्याने चारशे आणि रुद्रप्रयागच्या बिबट्याने एकशे पंचवीस माणसं मारली, अशी सरकारी नोंद. कॉर्बेट यांनी दोघांनाही मारलं, पहिल्याला १९१० मध्ये आणि दुसऱ्याला १९२६ मध्ये. पनारच्या मागावर असताना एका झोपडीत त्यांना अठरा वर्षांची एक मुलगी दिसली. रात्री नवऱ्याशेजारी झोपलेली असताना बिबट्याने तिला मानेला धरून ओढलं होतं. नवऱ्याने हात घट्ट धरून ठेवला म्हणून ती सुटली. बिबट्या पुन्हा येईल या भीतीने खोलीची दारंखिडक्या बंद होत्या. जखमा चिघळलेल्या, वर माश्यांचं मोहोळ, उकाडा. प्रतिजैविकं यायला अजून तीसेक वर्षं होती. ती वाचणार नाही हे कॉर्बेट यांना पाहताक्षणी कळलं. तरी बिबट्या परत येईल या आशेने ते रात्रभर बाहेर बसले. मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या दातांवर आणि नखांखाली जे जंतू असतात, ते अशा खोल जखमेत काही तासांत पसरतात. नरभक्षकांचे किती बळी जबड्याने गेले आणि किती नंतरच्या जंतुसंसर्गाने, हे त्या काळच्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही.

बिबटे नरभक्षक का होतात, याचं कॉर्बेट यांनी दिलेलं उत्तर वाघांहून निराळं होतं. बिबट्या मेलेलं जनावर खायला लाजत नाही. डोंगरातली गावं उंचावर आणि नदी खाली दरीत. साथीत माणसं पटापट मरू लागली की प्रेत खांद्यावरून नदीपर्यंत नेऊन दहन करायला माणसं उरत नाहीत, लाकूडही नाही. मग मृताच्या तोंडात जळता निखारा ठेवून, मुखाग्नी दिल्याचं समाधान मानून, प्रेत कड्यावरून खाली लोटायचं. बिबट्याला फुकट अन्न मिळतं. साथ ओसरते, अन्न थांबतं, पण चव राहते. पनारचा बिबट्या पटकीच्या मोठ्या साथीनंतर माणसांवर उलटला आणि रुद्रप्रयागचा १९१८ च्या इन्फ्लुएंझानंतर, असं त्यांचं म्हणणं. महाराष्ट्रात त्याच तापाला मानमोडी म्हणत. आजही कोकणात आणि घाटावर जुन्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द येतो.

हे उत्तर इतकं चपखल आहे की गेली ऐंशी वर्षं ते जवळपास तसंच सांगितलं जातंय. आता तारखा शेजारी ठेवून पाहू. मानमोडी हिंदुस्थानात आली ती मुंबईच्या बंदरातून. १९१८ च्या मे अखेरीस युद्धावरून परतलेलं सैनिकांचं एक जहाज लागलं आणि १० जूनला गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांच्या नोंदीत साथीची सुरुवात इथून आहे. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. खरा संहार केला सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या लाटेने. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं मेली. तिथून रेल्वेने आणि रजेवर घरी निघालेल्या सैनिकांबरोबर ताप देशभर पसरला. देशात एक कोटीहून बऱ्याच अधिक माणसं गेली. १९११ ते १९२१ हे हिंदुस्थानच्या जनगणनेतलं लोकसंख्या घटल्याचं एकमेव दशक ठरलं.

आणि रुद्रप्रयागच्या बिबट्याचा पहिला बळी? खुद्द कॉर्बेट यांनी दिलेली तारीख ९ जून १९१८. गाव बेंजी. म्हणजे मुंबईच्या गोदीतले शिपाई खाटेवर पडायच्या आदल्या दिवशी, तिथून हजार-दीड हजार किलोमीटर लांब गढवालच्या डोंगरात, बिबट्याने पहिलं माणूस मारलं होतं. प्रेतं दरीत लोटायची वेळ आणणारी लाट त्यानंतर तीन-चार महिन्यांनी आली. कारण परिणामाच्या आधी यावं लागतं. साथरोगशास्त्रात ज्या अटींवर तडजोड चालत नाही, त्यातली ही एक. बेंजीच्या मृत्यूला मानमोडी जबाबदार असू शकत नाही.

याचा अर्थ कॉर्बेट सर्वस्वी चुकले असा काढणं घाईचं होईल. आधीच माणसांकडे वळलेल्या बिबट्याची सवय त्या ऑक्टोबरमधल्या प्रेतांनी पक्की केली असेल, हे अगदी शक्य आहे. जून १९१८ मध्ये ते स्वतः गढवालमध्ये नव्हते. पाचशे कुमाऊंनी लोकांची तुकडी घेऊन ते फ्रान्सच्या युद्धभूमीवर गेले होते आणि जवळजवळ सगळ्यांना जिवंत परत घेऊन आले. त्या काळात तो पराक्रमच होता. बिबट्याची आधीची हकीकत त्यांना ऐकीव माहितीवरून जुळवावी लागली. शिवाय १ मेच्या रात्री गुलाबराईला बिबट्या पडला आणि सकाळी त्यांनी त्याला तपासलं, तेव्हा जे दिसलं ते वाघांच्या अहवालांसारखंच होतं. म्हातारा नर, झिजून रंग गेलेले दात, एक सुळा तुटलेला, मागच्या पंज्यात जुन्या गोळीची खूण, पायाच्या बोटाचा तुकडा गायब. मात्र यातलं किती आठ वर्षांच्या पाठलागाने, विषांनी आणि सापळ्यांनी केलेलं आणि किती आधीचं, हे त्या सकाळी कुणालाच सांगता आलं नसतं. १९१८ मध्ये हा बिबट्या बहुधा तरुण आणि धडधाकट होता. केदारनाथ-बद्रीनाथच्या वाटेवर उघड्या छपराखाली दाटीवाटीने झोपणारे यात्रेकरू त्याच्यासाठी साथीपेक्षा मोठं आमिष ठरले असतील.

बिबटे माणसांवर का उलटतात, हा प्रश्न मुंबईत पुन्हा उभा राहिला तेव्हा कॉर्बेट यांना जाऊन जवळपास पन्नास वर्षं झाली होती. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान एकशे चार चौरस किलोमीटरचं, आणि भोवती बोरिवली, गोरेगाव, आरे, भांडुप, मुलुंड, ठाणे असा वस्तीचा वेढा. २००२ ते २००४ या काळात हल्ले वाढत गेले. २००४ च्या एकट्या जूनमध्ये दहाच्या आसपास माणसं गेली. बिबट्यांना जंगलात खायला उरलं नाही, वस्ती जंगलात घुसली, अशी कारणं रोज छापून येत होती. उपाय ठरलेला होता. पिंजरा लावायचा, सापडेल तो बिबट्या धरायचा आणि लांब कुठेतरी सोडायचा.

नेमका हाच उपाय तेव्हा पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात चालू होता. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या नोंदी तपासल्या. उसात पिल्लं घालून, कुत्री-डुकरं खाऊन, माणसाच्या नजरेआड राहणारे बिबटे धरून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले होते. तो कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले. पिंजऱ्यात जखमी झालेला, हद्द गमावलेला, भेदरलेला प्राणी अनोळखी माणसांमध्ये सोडला की दुसरं काय होणार? बोरिवलीच्या उद्यानातही बाहेरून आणलेले बिबटे सोडले गेले होते. औषधानेच आजार वाढत होता. पकडून सोडणं आवरतं घेतल्यावर आणि वस्तीतला कचरा, उघड्यावरचा प्रातर्विधी, रात्री एकटी फिरणारी मुलं यांकडे लक्ष दिल्यावर हल्ले झपाट्याने खाली आले. पूर्ण थांबले नाहीत. आरेमध्ये २०२१ मध्ये आणि २०२२ मध्ये पुन्हा हल्ले झाले आणि एक लहान मूल गेलं.

कॉर्बेट यांच्या मनातही आली नसती अशी एक गोष्ट मात्र बोरिवलीने दाखवली. इथल्या बिबट्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खातात आणि त्यामुळे आसपासच्या वस्तीतले हजारेक श्वानदंश टळतात. रेबीजच्या लशीसाठी सरकारी रुग्णालयात लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको. अंदाजच तो, आणि ज्या घरातलं मूल गेलं त्या घराला तो ऐकवणं क्रूरपणाचं आहे. पण बिबट्या नसलेलं बोरिवली अधिक सुरक्षित असेल, हेही तपासल्याशिवाय धरून चालता येत नाही. जाता जाता एवढंच, की बिबट्यासकट कुठलंही जंगली जनावर चावलं किंवा नखांनी जखम झाली तर ती साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही आणि लगेच रुग्णालय गाठायचं. अशा जखमेत लशीबरोबर जखमेभोवती टोचायचं रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिनही लागतं.

कॉर्बेट यांचं स्वतःचं शरीरही कमी जखमी नव्हतं. १९२९ च्या फेब्रुवारीत एका शिकारीत सोबत्याची जड रायफल त्यांच्या कानाशी उडाली आणि पडदा फाटला. आत गळू झालं, चेहरा सुजला, एक डोळा मिटला. अशा अवस्थेत एप्रिलमध्ये ते तल्ला देसच्या नरभक्षक वाघिणीमागे गेले. रात्री झाडावर बसलेले असताना ते गळू आपोआप फुटलं आणि वेदना थांबल्या. एका कानाची श्रवणशक्ती मात्र कायमची गेली. जो माणूस सांबराच्या आणि माकडांच्या इशाऱ्यांवरून वाघ कुठे आहे ते ओळखायचा, त्याला आवाज कुठून येतोय हे कळेनासं झालं. दुसऱ्या महायुद्धात, साठी उलटून गेल्यावर, त्यांना गोचिडींमुळे होणारा टायफस झाला. वजन निम्म्याच्या आसपास उतरलं. आता चाकाच्या खुर्चीतच बसावं लागेल, असं डॉक्टरांचं भाकीत होतं. ते उठले आणि १९४४ मध्ये नागपूरच्या उत्तरेला छिंदवाड्यात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना जंगलात कसं जगायचं ते शिकवू लागले.

बंदूक त्यांनी एकदम टाकली नाही. नरभक्षक नसलेला, निव्वळ देखणा आणि प्रचंड म्हणून प्रसिद्ध असलेला पवळगढचा वाघही त्यांनी १९३० मध्ये मारला आणि त्याचं समर्थन आज कुणाला करता येणार नाही. मात्र विसाच्या दशकापासून त्यांच्या हातात चलतचित्रांचा कॅमेरा आला होता. हळूहळू ते वाघ मारण्यापेक्षा चित्रित करण्यात रमले. १९३६ मध्ये रामगंगेच्या काठी देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे त्यांची खटपट होती. आज ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात तिथूनच झाली.

त्यांचं पहिलं गाजलेलं पुस्तक, कुमाऊंच्या नरभक्षकांबद्दलचं, १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने काढलं. आधी त्यातल्या काही गोष्टी त्यांनी नैनितालला शंभर प्रतींपुरत्या छापून मित्रांना वाटल्या होत्या. मुंबईच्या आवृत्तीचं मानधन युद्धात दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांच्या संस्थेला गेलं. दोन वर्षांत पुस्तक जगभर पोचलं. वाघ हा मोठ्या मनाचा, सभ्य प्राणी आहे, नाइलाज झाल्याशिवाय तो माणसाच्या वाटेला जात नाही, हे त्या पुस्तकाचं सार. शिकाऱ्याच्या पुस्तकाने शिकारीवरची श्रद्धा डळमळीत केली.

१९४७ च्या अखेरीस मॅगीला घेऊन ते मुंबईहून बोटीने मोंबासाला गेले. स्वतंत्र भारतात आपल्यासारख्यांना जागा असेल का, ही धास्ती दोघांनाही होती. ती खरी ठरली असती असं मानायला आधार नाही. केनियात न्येरीला एका हॉटेलच्या आवारातल्या लहानशा बंगलीत ते राहिले आणि उरलेली पुस्तकं लिहिली. १९ एप्रिल १९५५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. कालाढुंगीजवळच्या छोटी हल्दवानी गावातली आपली जमीन त्यांनी निघण्याआधीच कसणाऱ्या कुळांना देऊन टाकली होती. तिचा शेतसारा मात्र ते शेवटपर्यंत केनियातून भरत राहिले.